पडलेलं दान

फासा किंवा कवड्या टाकल्यावर जे पडतं त्याला मराठीत दान म्हणतात. ब्राह्मणाला देतात तेही दान, गाय देतात ते गोदान, मुलगी देतात ते कन्यादान. जुगाऱ्याची मूठ आणि दात्याची ओंजळ या दोघींसाठी भाषेनं एकच शब्द का ठेवला, ते पंडितांनी सांगावं. मला एवढंच ठाऊक आहे की आमच्या खानदेशात वर्षातून एक दिवस असा येतो, जेव्हा ही दोन्ही दानं एकाच ओसरीवर होतात. तो दिवस आखाजीचा. पंचांगात त्याला अक्षय्य तृतीया म्हणतात, वैशाख शुद्ध तृतीया. पण जळगाव-धुळ्याच्या खेड्यात तुम्ही अक्षय्य तृतीया म्हणालात तर लोक समजतील की पाहुणा शाळामास्तर दिसतो.

आखाजी म्हणजे आमची दुसरी दिवाळी. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. निंबाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. सकाळी मातीची नवी घागर भरून पितरांच्या नावानं ठेवतात, तिच्यावर डांगर ठेवतात, आंबा ठेवतात. सांजोऱ्या होतात, पुरणपोळी आणि आमरस होतो. ऊन म्हणाल तर डोक्यावर तवा ठेवल्यासारखं. शेतात काम नसतं, नांगरटी झालेल्या असतात आणि पाऊस अजून महिनाभर लांब. आणखी एक गोष्ट आहे, ती बाहेरच्या लोकांना फारशी ठाऊक नसते. सालदाराचं साल आखाजीला संपतं आणि आखाजीलाच नवं सुरू होतं. म्हणजे त्या दिवशी गावातला सालदार काही घटकांपुरता कोणाचाच नसतो. जुना हिशोब मिटलेला असतो किंवा मिटायचा असतो, नवा बोललेला नसतो.

आणि त्या दिवशी गावात खेळ चालतो. पारावर, गोठ्यात, मळ्यातल्या विहिरीपाशी पत्त्यांचे डाव बसतात. पैसे लावून बसतात. जुगाराविरुद्धचा मुंबईचा कायदा १८८७ सालचा आहे, पण आखाजीची रीत त्याहून जुनी आहे असं गाव समजतं. त्या पत्त्यांच्या डावांबद्दल मला इथं लिहायचं नाही. बैलजोडी गेल्याच्या, बायकोच्या पाटल्या गेल्याच्या गोष्टी प्रत्येक गावात आहेत आणि त्या सांगणारेही पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते ओसरीवरच्या कवड्यांबद्दल. तिथं पैसा नसायचा. तिथं आजी बसायची, लेकी बसायच्या, काका, शेजारी, सालदार, आणि कडेनं आम्ही पोरं. तिथं माणसं हरायची-जिंकायची ती फुकट. आणि म्हणूनच तिथं भांडण झालं की ते कशासाठी झालं हे स्वच्छ दिसायचं.

ज्यांनी पट पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जाड कापडावर फुलीसारखी चार पट्ट्यांची आकृती शिवलेली असते. एका पट्टीत तीन ओळी, एका ओळीत आठ घरं, म्हणजे चोवीस. चार पट्ट्यांची मिळून ९६. चार रंगांच्या चार-चार सोंगट्या. समोरासमोरचे दोघं भिडू. फाशांनी खेळतात तो सारीपाट राजवाड्यातला. आमच्याकडे सहा कवड्या. दोन उताण्या पडल्या तर दोन, तीनला तीन, असं सहापर्यंत. एकच उताणी पडली तर दहा, आणि सगळ्याच्या सगळ्या पालथ्या पडल्या तर पंचवीस. कवडी जर नाण्यासारखी असती तर पंचवीसाचं दान ६४ वेळांत एकदा पडलं असतं. पण कवडी नाण्यासारखी नसते. एकीची पाठ जास्त फुगीर, एकीचा दात तुटलेला. जुन्या खेळणाऱ्याला प्रत्येक कवडीचा स्वभाव पाठ असतो, जसा गुराख्याला गाईचा.

या खेळात चुका किती प्रकारच्या होतात ते मोजायला बसलं तर बोटं पुरत नाहीत. कवडी दुसऱ्या कवडीवर टेकून कलती राहते. ती उताणी धरायची की पालथी? एखादी घोंगडीवरून घरंगळून खाली जाते, उंबऱ्याला जाऊन लागते, सुपाखाली शिरते. हात घामेजलेला असतो आणि पाच पडतात, सहावी मुठीतच चिकटून राहते. कोणी नीट न खुळखुळवता नुसत्या ठेवल्यासारख्या टाकतो. कोणी बोलण्याच्या भरात दुसऱ्याच्या पाळीला टाकतो, आणि नेमकं तेव्हाच पंचवीस पडतं. दान बरोबर पडतं पण मोजायला चुकतं. मोजणी बरोबर होते पण सोंगटी एक घर पुढं जाऊन बसते. आणि या सगळ्यात मुद्दाम केलेलं काहीच नसतं. किंवा असतं. तेच तर कळत नाही.

प्रत्येक गावाचे, प्रत्येक ओसरीचे नियम वेगळे. कुठं कलती कवडी उताणी धरतात, कुठं तेवढी एकच परत टाकतात, कुठं सगळं दानच बाद. घोंगडीबाहेर गेलेलं आमच्याकडे चालायचं, मामाच्या गावी चालायचं नाही. लहानपणी मला वाटे की यातला खरा नियम कोणता ते कुठल्यातरी पुस्तकात लिहिलेलं असणार. आता वाटतं, खरा नियम असा नसतोच. कलती कवडी उताणी धरली काय आणि पालथी धरली काय, दोन्हींत अन्याय नाही. रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालायचं की उजव्या, तसं ते आहे. अन्याय सुरू होतो तो कवडी कलल्यावर नियम ठरवायला बसलं की.

आजी हे एका वाक्यात सांगायची. "पट मांडाना आगोदर बोला. दान पडनं का मग कोनी बोलानं नई." पट मांडायच्या आधी जे बोलायचं ते बोला, दान पडल्यावर कोणी बोलायचं नाही. यातलं शहाणपण साधं आहे. दान पडण्याआधी कोणालाच ठाऊक नसतं की हा नियम आपल्याला तारणार की मारणार. त्यामुळे त्या वेळी माणूस जे बोलतो ते नियमाबद्दल बोलतो. दान पडल्यानंतर त्याच माणसाच्या तोंडून त्याची सोंगटी बोलत असते. तो लबाड असतो म्हणून नव्हे. डोळ्यांनी एकदा पाहिलं की मनाला न पाहिल्यासारखं करता येत नाही. हिरवी सोंगटी घराच्या तोंडाशी आहे, पाच पडले तर ती पिकते, आणि कवडी अशी कलली आहे की पाचही म्हणता येईल आणि चारही. त्या क्षणी हिरवीवाल्याला ती खरोखर उताणीच दिसते. समोरच्याला खरोखर पालथी दिसते. दोघांनाही देवाची शपथ घालून विचारलं तरी दोघं तेच सांगतील.

म्हणून आमच्या ओसरीवर डाव सुरू होण्याआधी आजी तीन गोष्टी मोठ्यानं बोलून घ्यायची. कलती कवडी एकटीच परत टाकायची. घोंगडीबाहेरचं चालतं. सोंगटीवरून हात उचलला की चाल झाली. दरवर्षी तेच, तरी दरवर्षी बोलायची. आम्ही कंटाळायचो. बोललेला नियम आणि सगळ्यांना माहीत असलेला नियम यांत काय अंतर आहे ते कळायला मला बरीच वर्षं लागली. माहीत असलेला नियम आयत्या वेळी कोणाला तरी माहीत नसतो.

आता थोडं जुन्या गोष्टींकडे वळतो, कारण आपल्याकडे फाशाची चर्चा काल-परवाची नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात ३४ वं सूक्त जुगाऱ्याचं आहे. बायको दुरावलेला, सासूनं झिडकारलेला, कर्जानं रात्री परक्या घरात शिरणारा असा तो माणूस. शेवटी त्याला सांगितलं आहे की फासे सोड आणि शेती कर. आमच्या गावात हा उपदेश वेद न वाचता प्रत्येक बाप प्रत्येक पोराला करत असे. त्या काळचे फासे म्हणजे बेहड्याच्या बिया. तोच बेहडा, जो आमच्या सातपुड्यात उभा आहे आणि ज्याचं फळ त्रिफळा चूर्णात पडतं. नळाच्या गोष्टीतही हेच झाड येतं. ऋतुपर्ण राजा रथातून जाताजाता बेहड्याची पानं आणि फळं मोजून दाखवतो, नळ रथ थांबवून खरं-खोटं करून पाहतो, आणि मग त्याच्याकडून फाशांची विद्या शिकतो. जो माणूस फाशानं राज्य हरला तो शेवटी मोजायला शिकला तेव्हा सुटला, असा त्या कथेचा मला लागलेला अर्थ.

पण आमच्या भागात द्यूत म्हटलं की नळाआधी पांडव आठवतात. एरंडोल ही एकचक्रानगरी असं आमच्याकडे मानतात. जवळच पद्मालयाच्या जंगलात भीमकुंड दाखवतात, भीमानं बकासुराला तिथं मारलं म्हणतात. त्यामुळे पांडवांची गोष्ट आम्ही गावकीतल्या भाऊबंदांची गोष्ट ऐकावी तशी ऐकत आलो. त्या गोष्टीतल्या द्यूतसभेकडे मी नेहमी कवड्या खेळणाऱ्याच्या नजरेनं पाहतो. लोक म्हणतात, शकुनीचे फासे खोटे होते. असतील. पण महाभारतात फाशांआधीच एक गोष्ट घडते. दुर्योधन म्हणतो, पण मी लावणार आणि फासे माझा मामा टाकणार. युधिष्ठिराला हे खटकतं, आणि एकासाठी दुसऱ्यानं खेळणं मला विषम वाटतं असं तो बोलूनही दाखवतो. दान पडण्याआधी बोलतो, म्हणजे आजीच्या नियमानं अगदी योग्य वेळी बोलतो. आणि मग खेळायला बसतो. हरकत घेतली, ती कोणी मानली नाही, तरी पट मांडला गेला. तिथं पुढचं सगळं ठरून गेलं.

दुसरी हरकत द्रौपदीची. तिचा प्रश्न आपण फार भावनेनं ऐकतो, पण नीट पाहिलं तर तो खेळातल्या पाळीचा प्रश्न आहे. आधी कोण हरलं, ते स्वतः की मी? स्वतःला आधी हरलेला माणूस पुढचं दान टाकूच शकत नाही. ते दान बाद. सगळ्या सभेत हा एकच प्रश्न नेमका होता. भीष्म म्हणाले, धर्म सूक्ष्म आहे. कौरवांपैकी एकटा विकर्ण उठून बोलला. बाकीचे बसून राहिले. त्यांनी फासे टाकले नव्हते, पण लावला नव्हता, ते नुसते बघे होते. पण डावात चूक झाली तर ती चूक आहे हे सांगणं खेळणाऱ्याला जमत नाही. त्याचा स्वार्थ त्यात गुंतलेला असतो. ते काम बघ्यांचंच असतं. म्हणून मला वाटतं की डावाभोवती बसलेल्यांवर खेळणाऱ्यांहून जास्त जबाबदारी असते.

हे मी पोथीतून शिकलो नाही. १९७३ सालच्या आखाजीला पाहिलं. १९७२ चा दुष्काळ आमच्या पिढीला सांगावा लागत नाही. विहिरी आटल्या होत्या, गावातली निम्मी माणसं खडी फोडायला जात होती, रेशनवर तांबडा मिलो मिळायचा आणि त्याच्या भाकरी घशाखाली उतरत नसत. अशा वर्षी सालानं कोण ठेवतो? ज्याला ठेवलं तो नशीबवान. आमच्या ओसरीवर त्या दुपारी गावातले एक मोठे शेतकरी खेळायला बसले होते आणि त्यांच्या समोरच्या बाजूनं, माझ्या काकांचा भिडू म्हणून, त्यांचाच सालदार. साल संध्याकाळी बोलायचं होतं. खेळता खेळता मालक रंगात आले आणि हसत म्हणाले, तू जिंकना तं यंदाना सालमा एक पोतं जवारी जास्ती. सगळे हसले. सालदारही हसला. पण त्यानंतर तो कवड्या टाकायच्या आधी कपाळाला लावू लागला, हे मी पाहिलं.

डाव अटीतटीला आला. सालदारानं टाकलेल्या कवड्यांतल्या पाच घोंगडीवर पालथ्या पडल्या आणि सहावी घरंगळत उंबऱ्याला लागली. तीही पालथी. पंचवीस. मालक लगेच म्हणाले, "दान खाले गयं. परत टाक." ओसरीवर दहा-बारा माणसं होती. सगळ्यांना माहीत होतं की डाव सुरू होताना घोंगडीबाहेरचं चालतं असं बोलणं झालं होतं. शिवाय मघाशी मालकांची कवडी तिथंच गेली होती आणि ती धरली होती. कोणी काही बोललं नाही. काका खाली बघत राहिले. तेव्हा दाराशी पाय पसरून बसलेली आजी म्हणाली, "भाऊ, मघाशी तुमनी कवडी बी उंबरठावर गयथी. ती तं मोजी ना तुम्ही."

यावर मालक काही बोलणार, त्याच्या आत सालदारानंच कवड्या गोळा केल्या. "ऱ्हाऊ द्या माय. मी परत टाकस." आणि टाकल्या. दोन पडले.

मालक म्हणाले, पहा, याला म्हणतात खेळणारा, रड नाही याच्यात. लोकांनी माना डोलावल्या. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेन. मलाही तो सालदार फार मोठ्या मनाचा वाटला. रात्री मी आजीला तसं म्हणालो. ती म्हणाली, मोठं मन दाखवायला आधी नाही म्हणता आलं पाहिजे. त्याला नाही म्हणता येत होतं का?

या प्रश्नावर मी आयुष्यभर अधूनमधून विचार केला आहे. खेळातली रीत म्हणून जे आपण मुलांना शिकवतो, म्हणजे हट्ट करू नये, वाद वाढवू नये, एक दान गेलं तर जाऊ द्यावं, ते सगळं चांगलंच आहे. पण सौजन्याचं तोंड आणि भीतीचं तोंड बाहेरून अगदी सारखं दिसतं. दोघंही म्हणतात, राहू द्या. फरक ओळखायची एकच खूण मला सापडली आहे. हाच माणूस उलट बोलला असता तर त्याचं काय गेलं असतं, हे पाहायचं. काही गेलं नसतं तर ते सौजन्य. संध्याकाळचं साल गेलं असतं तर ती भीती, आणि तिला सौजन्य म्हणून शाबासकी देणं हा दुसरा अन्याय.

मालक वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही. दुष्काळात त्यांनी कोणाला काढलं नव्हतं. मला खात्री आहे की त्यांना ती कवडी खरोखरच बाहेर गेलेली वाटली, आणि आपली मघाची खरोखरच आठवली नाही. तेच मला जास्त भयंकर वाटतं. लबाडाला आपण काय करतो ते ठाऊक असतं. ज्याच्या बाजूला जोर आहे त्याच्या चुका मात्र आपोआप त्याच्या सोयीच्या पडतात, आणि त्याला कळतही नाही, कारण सांगणारा कोणी नसतो. पुढच्या आखाजीला तो सालदार दुसऱ्या गावी सालाला गेला. कवडीमुळे गेला असं मला म्हणायचं नाही. सालदार गावं बदलतच असत. पण आमच्या ओसरीवर तो परत खेळायला बसला नाही, एवढं खरं.

चूक आणि लबाडी वेगळी कशी ओळखायची, यावर गावात एक हिशोब आहे, तोही इथं मांडतो. खरी चूक कवडीसारखी असते; कधी उताणी पडते, कधी पालथी. मोजणारा चुकला तर कधी त्याचं एक घर वाढेल, कधी कमी होईल. दहा वेळा चुकला आणि दहाच्या दहा वेळा त्याचंच घर वाढलं, तर हे नुसत्या योगानं व्हायचा संभव १,०२४ त एक. म्हणून एका चुकीवरून कोणाला चोर म्हणू नये, आणि दहा चुकांनंतर कोणाला भोळा म्हणू नये. ओसरीवर हे शिकलेला माणूस बाजारात उपयोगी पडतो. कापसाच्या काट्यावर वजन चुकतं, सालाच्या हिशोबात उचल दोनदा लिहिली जाते, सावकाराच्या वहीत हातचा एक राहतो. चुका होणारच, माणूस आहे. पण वर्षानुवर्षं प्रत्येक चूक एकाच अंगावर पडत असेल, तर त्या कवडीची पाठ कोणीतरी घासलेली आहे.

मग समोरचा मोजायला चुकला आणि त्यात आपला फायदा झाला, तर सांगावं का? आमच्या गावात दोन मतं होती. काही म्हणत, ज्याचं दान त्यानं मोजावं, झोपला त्याचा रेडा. आजी म्हणायची, सांगावं. का, तर खेळ चौघांचा आहे आणि दानही चौघांसमोर पडतं. मला आजीचं पटतं, पण एक अट घालून. पैसे लावलेल्या डावात कोणी सांगणार नाही, आणि त्याला मी दोष देणार नाही. पण जसजसा पण मोठा होतो तसतशी माणसाची जीभ जड होते. लीळाचरित्रात चक्रधरांच्या पूर्वायुष्याची गोष्ट आहे. हरिपाळदेव जुगारात हरतात, देणं फेडायला पत्नी कमळाइसांकडे दागिने मागतात, त्या देत नाहीत, आणि तिथून त्यांचं मन संसारातून उठतं. मोठ्या पणाचा डाव माणसाला घराबाहेरच काढतो, मग तो रामटेकच्या वाटेला लागो की कर्जाच्या. चुका पोटात घालण्याची चैन फक्त बिनपैशाच्या डावात परवडते. म्हणून ती तिथंच शिकून घ्यावी.

आता राहिली लेकींची गोष्ट. आखाजीला माहेरी आलेल्या आत्या खेळायला बसल्या की आजीचे नियम जरा वाकायचे. आत्याची कवडी हातातून सुटली, तर कोणी मागण्याआधीच आजी म्हणायची, परत टाक बेटा. काका चिडायचे, आमच्या वेळी नाही म्हणालीस! आजी म्हणायची, तुला वर्षभर परत टाकायला मिळतं. हिला सासरी एकदाही मिळत नाही.

मी यातून जे समजलो ते असं. परत टाकू द्या, असं आपण मागितलं तर तो रडीचा डाव. परत टाक, असं समोरच्यानं म्हटलं तर ते दान. कृती तीच, कवड्या त्याच, पण कोणाच्या तोंडून शब्द निघाला त्यावर सगळं फिरतं. आणि हे दान वरून खाली यावं, जसं पाणी येतं. जिंकत असलेल्यानं हरत असलेल्याला द्यावं, थोरानं पोराला, मालकानं सालदाराला, यजमानानं पाहुण्याला. खालून वर गेलं तर त्याला दान म्हणत नाहीत, त्याला आमच्याकडे वेठ म्हणतात. सालदारानं त्या दिवशी परत टाकलं ती वेठ होती. न्याय म्हणजे जे मागून घेता येतं ते. दान म्हणजे जे मागता येत नाही पण मिळावं असं वाटतं ते. ओसरीवरच्या खेळाला दोन्ही लागतात. नुसता न्याय असला तर पोरं आणि म्हातारी उठून जातात. नुसतं दान असलं तर खेळच राहत नाही.

आता पट दिसत नाहीत. १८९६ साली इंग्लंडात आपल्याच पचिशीवरून लुडोचं पेटंट घेतलं गेलं आणि तो लुडो फिरून आमच्या पोरांच्या मोबाईलमध्ये आला. २०२० ची आखाजी २६ एप्रिलला होती, ऐन लॉकडाऊनमध्ये. लेकी माहेरी येऊ शकल्या नाहीत, झोके रिकामे राहिले. घरोघर लोक मोबाईलवर लुडो खेळत होते, एक बहीण सुरतेला, एक भाऊ पुण्याला, एक इथं. मला ते वाईट वाटलं नाही; तेवढीच गाठभेट. पण त्या खेळात फासा कधी कलत नाही, घरंगळत नाही, कोणाच्या पाळीला दुसरा टाकू शकत नाही. मोजायला चुकत नाही. चुकीला जागाच ठेवलेली नाही. तर भांडणं मिटली का? नाही. पुतण्या म्हणतो, हे यंत्र त्यालाच सहा देतं, मुद्दाम. म्हणजे संशय उरलाच, फक्त विचारायला माणूस उरला नाही. आणि परत टाक म्हणायचं बटण त्यात मला कुठं दिसलं नाही.

ज्यांच्या घरी अजून पट असेल, निदान पुठ्ठ्याचा लुडो तरी असेल, त्यांनी तो यंदाच्या आखाजीला काढावा आणि पोरांना बसवावं. बसण्याआधी नियम मोठ्यानं बोलावेत. दान सगळ्यांनी मिळून मोजावं. चूक दिसली तर जो खेळत नाही त्यानं आधी तोंड उघडावं, आणि त्याला मध्ये का बोलतो म्हणून कोणी झापू नये. कोणी स्वतःहून राहू द्या म्हणालं, तर लगेच वा म्हणू नये. त्याच्या चेहऱ्याकडे एकदा बघावं. त्याला उलट बोलायची सोय आहे ना, याची खात्री करून घ्यावी. नसेल तर त्याचं पंचवीस त्याला मोजून द्यावं, कवडी उंबऱ्यावर का असेना.